धाकटीच्या हाताचा गुण

धाकटीचे कानाजवळचे केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर वाढला, जिला कडेवर घेऊन फिरवलं ती पुतणी कॉलेजात जायला लागली, तरी घरात ती धाकटीच राहिली. दादाहून धाकटी, एवढाच त्या नावाचा अर्थ. एकदा चिकटलेलं नाव आपलं वय बघत नाही. गिऱ्हाइकंसुद्धा फोनवर विचारायची, "धाकटीबाई आहेत का? त्यांच्या हातची झाडं हवीत."

हातची म्हणजे अगदी हातचीच. दादाची रोपवाटिका घराच्या मागच्या अंगणात होती. हिरव्या जाळीचं मोठं छप्पर, त्याखाली फळ्यांचे लांब ओटे, आणि ओट्यांवर ब्रोमेलियाड नावाच्या झाडांच्या रांगा. घरात हा शब्द कोणाच्या तोंडात नीट बसला नाही, म्हणून सगळे त्याला पेलेवाली म्हणायचे. नाव चुकीचं नव्हतं. अननसाच्याच कुळातलं हे झाड. रुंद, राखाडी-हिरवी पानं एकमेकांना घट्ट बिलगून उभी राहतात आणि मधोमध एक खोल पेला तयार होतो. पानांवर चुना ओढावा तसे आडवे पांढरे पट्टे, आणि कडेला असे काटे की हात घाईने घातला तर रक्तच निघावं. मूळच्या अरण्यात हे जमिनीवर उगवतच नाही. उंच झाडाच्या फांदीवर बसतं, पावसाचं पाणी पेल्यात साठवतं, त्यात पडलेला पाला कुजतो, आणि पानांवरच्या बारीक खवल्यांनी ते सगळं शोषून घेऊन जगतं. मुळं नुसती धरून ठेवायला.

धाकटी नुकतीच माहेरी परतली होती तेव्हाची गोष्ट. वहिनी ओट्याशी उभी राहून म्हणाली होती, "दुसऱ्याच्या फांदीवर बसायचं आणि जगायचं. बांडगूळच ना हे?"

वहिनी झाडाबद्दलच बोलत होती. निदान तिचे डोळे झाडाकडे होते. पण धाकटीची कानशिलं तापली.

"बांडगूळ झाडाचा रस पितं, वहिनी," ती म्हणाली. "हे काही पीत नाही. नुसतं बसतं."

"बरं बाई," वहिनी म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

धाकटीचा संसार वर्षभरही टिकला नव्हता. त्या माणसाचं नावसुद्धा घरात कोणी काढत नसे, तेव्हा आपणही नको काढायला. ती एक पेटी घेऊन आली, आणि पुतणीच्या पाळण्याच्या खोलीत तिची गादी पडली. कोणी एक शब्द बोललं नाही. पण ज्या घरात कोणी काही बोलत नाही तिथे माणूस भिंतीचेही बोल ऐकतो. आपण जेवतो किती, साबण वापरतो किती, दिवा किती वेळ जळतो, सगळ्याचा तिला भार वाटायला लागला. अंग चोरून कसं जगतात ते त्या दिवसांत तिच्याकडून शिकावं.

तिकडे दादाची वेगळीच रड चालली होती. त्याने मोठ्या हौसेने पेलेवाली आणली खरी, पण ती फुलेनात. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं. मधून एक जाड दांडा वर येतो, त्यावर टोकदार गुलाबी पाकळ्यांचा तुरा. त्या खरं म्हणजे पाकळ्या नाहीत, रंगीत पानंच. खरी फुलं निळी, इवलीशी, त्यांच्या खोबणीत लपलेली. तुरा महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून तर दवाखाने आणि कचेऱ्या त्यावर जीव टाकतात. पण झाड कधी फुलायचं ते त्याच्या मर्जीवर. शेजारी शेजारी ठेवलेली दोन झाडं, एक या वर्षी फुलेल, दुसरं अजून दोन वर्षं ढिम्म. आणि नुसत्या काटेरी पानांना विचारतो कोण?

मग त्या थंडीत गंमत झाली. गारठा वाढला म्हणून धाकटीने काही झाडं आतल्या खोलीत नेली. आतली खोली म्हणजे जाळीच्या टोकाला पत्रे ठोकून केलेली अडगळ. एका झाडावर तिने मोठी प्लास्टिकची पिशवी उलटी घातली. त्या पिशवीत तिने दुपारी खायला नेलेलं आणि न खाता विसरलेलं सफरचंद होतं. हे तिला कधी कळलं, तर आठवड्याने वास आला तेव्हा. तिने ते टाकून दिलं. आणि दीड-दोन महिन्यांनी त्या एकाच झाडाच्या पेल्यातून गुलाबी टोक वर आलं.

एखाद्याने धावत जाऊन सांगितलं असतं. धाकटीने आधी आणखी दोन झाडांवर करून पाहिलं. ती फुलली. पिकलेल्या फळातून एक वायू निघतो आणि तो पानांत कोंडला की झाडाला वाटतं आपली वेळ आली, हे तिला पुढे कुठेतरी वाचायला मिळालं. पण तोवर दादाने अंगणातून घरभर हाक मारली होती, "अगं ए, इकडे या सगळे! धाकटीच्या हाताला गुण आहे बघा!" वहिनीने पोरीला कडेवर घेऊन येऊन तुरा पाहिला होता. आणि धाकटी, जी कितीतरी महिने घरात मान खाली घालून वावरत होती, ती हसली होती. सफरचंदाचं सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड झालं. आठवड्याने सांगणं अशक्य झालं. काही गोष्टींचं असंच असतं.

त्या गुणाने तिला घरात जागा दिली. आता ती जेवायला बसली तर कामाची माणूस म्हणून बसे. वहिनीही पाहुण्यांना सांगायची, "आमच्या वन्संशिवाय ही झाडं फुलतच नाहीत." ऐकून धाकटीला बरं वाटायचं आणि धास्तीही वाटायची.

कारण गुपित सांभाळायचं म्हणजे त्याची चाकरी आली. आतल्या खोलीत कोणी डोकावू नये म्हणून तिने ठोकून दिलं, की फुलायच्या दिवसांत झाडांना परक्याचा वावर चालत नाही, हात लागला तर तुरा जळून जातो. घरच्यांनी मान डोलावली. झालं, त्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला आली आणि बाईच किल्लीला बांधली गेली. घरात सफरचंदं यायला हवीत म्हणून तिने सांगितलं, मला फार आवडतात. मग काय विचारता! दादा आणू लागला, पाहुणे आणू लागले, पुतणी वाढदिवसाला टोपली भरून आणू लागली. संशय नको म्हणून सगळ्यांच्या देखत रोज एक खावं लागे. पाच-सहा वर्षांत तिला त्या फळाच्या वासाने मळमळायला लागलं. तरी ती "वा, गोड निघालं हो" म्हणत खायची.

कुठे चार दिवस जायची सोय राहिली नाही. पिशव्या कधी बांधायच्या, कधी सोडायच्या, कोणतं झाड पुरतं वाढलंय आणि कोणतं अजून कोवळं आहे, हे सगळं तिच्याच डोक्यात. मामेबहिणीचं लग्न झालं, धाकटी गेली नाही. शाळेतल्या मैत्रिणी समुद्र बघायला गेल्या, धाकटी घरी पेले उपडे करत बसली. पेल्यात पाणी साचतं, साचलं की डासांची अंडी होतात, म्हणून दर आठवड्याला जुनं पाणी ओतून नवं भरावं लागतं. मुळाशी नाही, पेल्यात. हे काम कोणीही केलं असतं. पण गुण तिच्या हाताला होता ना!

आणि घड्याळवाला. त्याचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं, बायको जाऊन काही वर्षं झाली होती. तो पहिल्यांदा आला तेव्हा एक फुललेलं झाड घेऊन गेला. महिन्याने परत आला, झाड मेलं म्हणाला. दुसरं नेलं, तेही मेलं. त्याच्या दुकानात एक खिडकी नव्हती, उन्हाचा कवडसा नव्हता, तिथे काय जगणार कपाळ! तिसऱ्यांदा आला तेव्हा धाकटीने त्याला झापलं.

"तुम्हाला झाडं नेऊन मारायचीच असतील तर दुसरीकडून न्या."

"दुसरीकडे तुम्ही नसता," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

पुढे त्याने दादाकडे रीतसर विचारलं. दादा धाकटीकडे आला, चप्पल पायाने उगाच सरळ करत म्हणाला, "माणूस बरा वाटतो. तुझं काय म्हणणं?"

हो म्हणायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण हो म्हटलं तर जायचं, जायचं तर सफरचंदाचं सांगायचं. सांगितलं की इतकी वर्षं घरच्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली हे उघडं पडणार. न सांगता गेली तर दादाचा धंदा बसणार.

"आणि इथल्या झाडांचं काय?" ती म्हणाली.

दादाने चप्पल पायात सरकवली. "तेही आहेच," म्हणाला आणि गेला. घड्याळवाल्याने पुढच्या वर्षी दुसरं लग्न केलं. धाकटी त्या दिवशी आतल्या खोलीत दार लावून रडली. बाहेर सगळे हळू बोलत होते, कारण फुलायचे दिवस होते.

अशी वर्षं गेली. मग या वर्षी मैत्रिणीचा फोन आला. ही शाळेपासूनची मैत्रीण दुसऱ्या गावात नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह चालवायची. तिने हे आधीही एकदा विचारलं होतं, पण या वेळी तिचा सूर वेगळा होता.

"हे बघ, माझी देखरेखीची बाई सोडून चाललीय. मागे एवढं मोठं आवार ओसाड पडलंय, ते तू हाताखाली घे. तुला स्वतंत्र खोली. दाराला तुझी कडी. रविवारपर्यंत सांग, नाहीतर मला दुसरी माणूस बघावी लागेल. आणि झाडांचं कारण सांगू नकोस, मला पाठ झालंय ते."

फोन ठेवल्यावर धाकटी बराच वेळ हातात झारी घेऊन उभी राहिली. स्वतंत्र खोली. या घरात तिला कोणी छळलं नव्हतं, पण रात्री कूस बदलताना आवाज होऊ नये म्हणून ती अजून जपायची. पुतणी शेजारीच झोपायची, आणि पुतणीची झोप सावध होती.

त्याच संध्याकाळी दादा खुशीत घरी आला. नव्या हॉटेलचं काम मिळालं होतं, स्वागतकक्ष सगळा गुलाबी हवा होता, ओटे रिकामे होतील एवढी झाडं.

"तीन महिन्यांनी उद्घाटन आहे," तो बूट काढत म्हणाला. "मी त्यांना छातीठोक सांगितलं, आमची धाकटी आहे."

म्हणजे पिशव्या याच आठवड्यात बांधायच्या. म्हणजे तीन महिने हलायचं नाही. आणि रविवार तर परवावर आलेला. जेवताना घास तोंडात फिरत राहिला. वहिनी म्हणाली, "वन्सं, बरं नाही का?" ती म्हणाली, "बरंय की."

पण त्या रात्री तिने ठरवलं. दादाला सगळं दाखवायचं. कळलं की कोणीही करू शकतं, तर हिची गरज उरणार नाही. गरज उरली नाही की जाता येईल. त्यासाठी आधी इतक्या वर्षांचा मान आपल्याच हाताने मातीत घालावा लागणार होता. दादा ओरडेल. वहिनी पुन्हा ओट्याशी उभी राहून काहीतरी म्हणेल, आणि या वेळी त्याला उत्तर नसेल. म्हणू दे, तिने मनाशी म्हटलं. म्हणू दे, पण मला जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दादाला आतल्या खोलीत बोलावलं. स्वतः किल्ली फिरवली, दार सताड उघडलं. दादा उंबऱ्यापाशीच थांबला.

"ये ना आत."

"परक्याचा वावर चालत नाही ना?" तो म्हणाला.

"ये रे दादा, थट्टा नको करूस."

तिने एक झाड पुढे ओढलं, पिशवी घेतली, सफरचंद घेतलं. "हे बघ," ती म्हणाली, "माझ्या हाताला गुण-बिण काही नाही. पिकलेलं सफरचंद ठेवायचं, पिशवी बांधायची, आठवड्याने सोडायची. एवढंच आहे. सुरुवातीपासून एवढंच आहे. मी तुम्हाला सगळ्यांना फसवलं. आता तू कर, कोणालाही करायला लाव. मला मैत्रिणीकडे जायचंय. नोकरीला. कायमचं."

एका दमात बोलून ती ओरडा ऐकायला उभी राहिली. दादाने तिच्या हातून झाड घेतलं. कुंडी तिरकी करून पेल्यातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं. पानांच्या काट्यांना हात न लावता, खालून वर पिशवी चढवली. टोपलीतली दोन-तीन सफरचंदं नाकाशी धरून पाहिली, त्यातलं सगळ्यात वास मारणारं निवडलं, आत सरकवलं आणि सुतळीची गाठ मारली. एका ओढीत सुटणारी गाठ. ती मारायची तशीच.

धाकटी त्या गाठीकडे बघत राहिली.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या वर्षापासून," दादा म्हणाला. "वहिनीने सांगितलं."

"वहिनींनी?"

"कचरा ती टाकते ना गं. अख्खी सफरचंदं सुरकुतून डब्यात येतात, एकालाही दात लागलेला नाही. तिला कळायला किती वेळ लागणार?"

"मग बोलला का नाहीत?"

दादा पुन्हा ओट्यावरची कुंडी सरळ करायला लागला. ती सरळच होती. "तू आलीस तेव्हा कशी होतीस आठवतंय? कितीतरी महिने तुझा आवाज ऐकला नव्हता आम्ही. ते फूल आलं आणि तू हसलीस. सफरचंदांचं कळलं तेव्हा मी तर विचारायलाच निघालो होतो, पण वहिनी म्हणाली, काही बोलू नका, वन्संचं म्हणून एवढंच आहे, असू द्या. मग मी फळवाल्याला सांगून ठेवलं, जास्त पिकलेली देत जा म्हणून."

"आणि मला टायफॉइड झाला त्या वर्षी बँकेची झाडं वेळेवर फुलली, ती?"

"तापात बांधलेल्या पिशव्या तुझ्या. निम्म्या पेल्यांत पाणी तसंच होतं, तशी ती फुललीच नसती. मी आणि वहिनीने परत बांधल्या."

धाकटी स्टुलावर बसली. खरं तर तिला हलकं वाटायला हवं होतं. कोणी फसलं नव्हतं, कोणी दुखावलं नव्हतं. घरातल्या दोन माणसांनी तिची अब्रू इतकी वर्षं तळहातावर सांभाळली होती. डोळे भरून यायला हवे होते. आणि आलेही. पण ते रागाने आले.

"तो घड्याळवाला आला तेव्हा तुला माहीत होतं," ती म्हणाली.

दादाने मान हलवली.

"मी झाडांचं काय म्हणाले. तेव्हा म्हणायचं होतंस ना, झाडांचं मी बघतो! एवढंच म्हणायचं होतंस!"

"म्हणणार होतो," दादा म्हणाला. "जिभेवर आलं होतं. मग वाटलं, तुला वाटेल, घालवायला निघाला. म्हणशील, एकदा घालवलं, परत आले, आता पुन्हा घालवतात. आणि… खरं सांगू? मला वाटलं तुलाच जायचं नाहीये. तोंडावर नको म्हणता येत नाही म्हणून झाडं पुढे करतेयस. म्हटलं, हिला इथेच राहायचंय, तर आपण कशाला…"

हा माणूस आता म्हातारा दिसत होता.

धाकटीला ओरडून सांगायचं होतं, की तसं नव्हतं. मला जायचं होतं. पण ती खरंच आठवून बघायला लागली. त्या दिवशी चप्पल सरळ करत उभा असलेला दादा, आणि ओठावर आलेला हो. तो हो नेमका कोणी गिळला? झाडांनी? आणि आतून एक बारीक आवाज म्हणत होता, की नव्या घराची भीती वाटली होती. पहिल्या घरात जे झालं ते पुन्हा होईल याची. तिने ते स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नाही. कारण तयार होतं, कमरेला अडकवलेलं होतं.

"मी या वेळी जाते," ती म्हणाली. "मला भीती वाटते. तरी जाते."

"जा," दादा म्हणाला.

इतकं पटकन म्हणाला. अडवलं नाही, हॉटेलचं नाव काढलं नाही, थोडं थांब असंही म्हणाला नाही. जणू तो शब्द कितीतरी वर्षं खिशात घालून हिंडत होता. धाकटीला तो एक शब्द सगळ्यात जास्त लागला. इतकी वर्षं ज्या दाराला ती पाठ लावून बसली होती, त्याला कोणी बाहेरून कडी घातलीच नव्हती.

ती उठली. ओसरीत येऊन तिने फोन लावला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी ऐकत होती, आणि ऐकतेय हे कळू नये म्हणून नळही बंद केला होता तिने.

"येते मी," धाकटी फोनमध्ये म्हणाली. "सोमवारी निघते."

"खरं?" मैत्रीण पलीकडून ओरडलीच. "दादांनी सोडलं? आणि झाडांचं?"

"झाडांचं ते बघतील. त्यांना येतं सगळं."

"येतं? कधीपासून?"

"पहिल्यापासूनच, म्हण."

मैत्रीण अगदी हळू, रागावल्यासारखं नाही, खरंच कळत नाही म्हणून विचारल्यासारखं म्हणाली, "अगं, मग तू आजवर आली का नाहीस?"

धाकटीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. नेहमीचं कारण जिभेवर आलं, अर्ध्यावर थांबलं, आणि त्याच्या मागून दुसरं काहीच आलं नाही. ती फोन कानाला धरून तशीच उभी राहिली, आणि पलीकडे मैत्रीण वाट बघत राहिली.